पाचव्या मशीनवरचं नाव

दुसऱ्याच्या स्क्रीनसमोर बसायची वेळ आली की आमचे सर आधी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून टाकायचे. खुर्ची पुढे ओढायची, चष्मा नाकावर ढकलायचा आणि हात मांडीखाली. मग मान पुढे काढून दहा-दहा मिनिटं नुसतं बघत राहायचं. समोरचा अस्वस्थ होऊन माऊसकडे हात नेऊ लागला की म्हणायचे, "हात नको लावू. आधी बघ."

हे वाक्य मी दोन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल ते सांगता येणार नाही. अंधेरी पूर्वेच्या त्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणाऱ्या आम्हा पोरापोरींची ती बाराखडी होती. सर पन्नाशी ओलांडलेले, घाटकोपरला राहणारे, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. ऑफिसात एरवी शुद्ध मराठी किंवा कामापुरतं इंग्रजी बोलायचे, पण एखादी चूक हाताशी आली की मालवणी आपोआप बाहेर पडायची. "गावला गो, गावला!" असं ते ओरडले की सगळा मजला उठून बघायचा. मी त्यांचं नाव इथे लिहिणार नाही. त्यांच्यावर माझा राग आहे, पण 'तो' म्हणायचा प्रयत्न मी करून पाहिला आणि ते काही जमलं नाही. 'ते'च येतं तोंडात.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका पार्सल पोचवणाऱ्या कंपनीसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो. ते एका मशीनवर चालायचं नाही, आठ मशीनवर एकत्र चालायचं. टेस्टही तशीच, आठांवर एकदम. त्यातलं एखादं मशीन मधेच चुकलं तर आपल्या टेबलावरून त्या लांबच्या मशीनला डिबगर जोडायचा. म्हणजे तिथे चालू असलेला प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून आत डोकावता येतं. ऐकायला झकास वाटतं. पण त्यात एक गोम आहे, आणि ती मला सरांनी पहिल्याच आठवड्यात समजावली होती.

"लग्नाच्या पंगतीत आठ वाढपी वाढतायत," ते म्हणाले. "त्यातल्या एकाला तू मनगट धरून थांबवलंस आणि विचारलंस, बाबा, बादलीत काय आहे? तो बिचारा उभा राहिला. बाकीच्या सातांना काय वाटणार? हा पळाला. मग ते त्याची रांग वाटून घेणार. आणि तू त्याला सोडलंस की तो पुन्हा आपल्या रांगेत शिरणार. भात दोनदा!"

"मग बघायचंच नाही का सर?"

"बघायचं. पण सांगून बघायचं."

हे 'सांगून बघणं' म्हणजे भिंतीवरचा पांढरा फळा. त्यावर सरांनी स्वतःच्या अक्षरात एक ते आठ आकडे लिहिले होते. ज्या मशीनला तुम्ही डिबगर जोडलाय त्याच्यापुढे आपलं नाव लिहायचं, आणि जोडताना जे काही सेटिंग बदललं असेल ते परत जागेवर केल्यावरच नाव पुसायचं. कुठे कागदावर नसलेला हा नियम होता, पण तो कोणी मोडत नसे. एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांनीच घाईत नाव न लिहिता तिसऱ्या मशीनला डिबगर जोडला आणि सगळ्यांची दुपार फुकट घालवली. सरांनी त्यांना केबिनमधून बाहेर बोलावलं, हातात मार्कर दिला आणि काम संपलेलं असतानाही नाव लिहायला लावलं. साहेब हसत हसत लिहीत होते, सर मात्र हसत नव्हते.

"फळा खोटं बोलायला लागला तर आपण कोणावर विश्वास ठेवायचा?" ते नंतर मला म्हणाले होते.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. कामाच्या बाबतीत काटेकोर आणि माणसांच्या बाबतीत मऊ. त्यांच्या खणात मालवणी खाज्याचं पाकीट असायचं. चूक शोधून काढणाऱ्याला एक तुकडा, आणि ती स्वतः शोधली तरी स्वतःला नाही, कारण शुगर. मला पहिली चूक सापडायला तीन आठवडे लागले. दोन नंबरच्या मशीनचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, त्यामुळे त्याला वाटायचं की बाकीचे सगळे उशिरा आले. एवढीशी गोष्ट. सरांनी अख्खं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. मी ते दिंडोशीला घरी नेलं आणि आमच्या पप्पांनी ते कॉलनीतल्या तीन घरांत वाटलं.

पप्पा महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. अकोल्याकडून आलेले. कॉम्प्युटरवर काम करणारी मी आमच्या घरातली पहिलीच. मी कॉन्ट्रॅक्टवर होते, दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा आणि त्या दिवशी मी घरी येईपर्यंत आई जेवायची नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला साहेबांनी सांगितलं की पार्सल कंपनीचा डेमो नीट पार पडला की मला पर्मनंट करतील. पप्पांनी ते विहारात सांगून टाकलं. मी म्हटलं, अहो, अजून झालेलं नाही. तर म्हणाले, "तुझे सर आहेत ना तिथे? मग झालंच म्हण."

डेमो शुक्रवारी अकराला होता. गुरुवारी दुपारी पाच नंबरचं मशीन सुरू होता होताच मान टाकू लागलं. इतक्या लवकर मरणाऱ्या प्रोग्रॅमला डिबगर जोडायला वेळच मिळत नाही. त्यासाठी एक वेगळं सेटिंग असतं. त्या मशीनला सांगून ठेवायचं की कोणी जोडायला येईपर्यंत सुरूच होऊ नकोस, दारात थांब. सरांनी ते सेटिंग लावलं आणि स्वतःच्या टेबलावरून जोडून बघू लागले. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले.

"फळ्यावर नाव लिहितेस?" ते स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले.

मी उठून त्यांचं नाव लिहायला लागले.

"माझं नको गो. तुझं लिही."

"पण तुम्ही जोडलंय ना सर."

"साहेब संध्याकाळी चक्कर मारतात. पाच नंबर सतावतोय हे त्यांना माहीत आहे. तो कोणी सोडवला ते दिसू दे त्यांना. उद्या तुझं काम आहे ना पर्मनंटचं?"

मला भरून आलं, खरं सांगते. ज्या माणसाने साहेबांनाही सूट दिली नव्हती तो माझ्यासाठी फळ्यावर खोटं लिहायला सांगत होता. त्याचा अर्थ मी लावला तो प्रेमाचा. तुम्हीही तोच लावला असता. आणि त्या दिवशी तो अर्थ बरोबरच होता असं मला अजूनही वाटतं, म्हणून तर जास्त त्रास होतो. मी पाच आकड्यापुढे 'प्रज्ञा' लिहिलं. चांगलं ठसठशीत लिहिलं.

चारच्या सुमारास "गावला गो!" झालं. एक जुनी फाइल चुकीच्या जागी राहिली होती. ती हलवली, सरांनी आपला डिबगर जोडलेला असतानाच टेस्ट एकदा चालवून पाहिली, आठही मशीन गुण्यागोविंदाने चालली. सर पाणी प्यायला उठले तेव्हा मी विचारलं, "सर, ते थांबायचं सेटिंग काढलं ना?"

"काढला गो."

"मग नाव पुसू?"

"राहू दे. साहेबांनी वाचू दे आधी."

साहेबांनी वाचलं. "वा, प्रज्ञा! पाच नंबर तूने पकडा?" म्हणाले. मी सरांकडे बघितलं. ते मान खाली घालून हसत होते.

दुसऱ्या दिवशी पार्सल कंपनीची चार माणसं आली. चहा झाला, बिस्किटं झाली, साहेबांनी मोठ्या पडद्यावर टेस्ट सुरू केली. सात मशीन उठली. पाचवं उठेना. बाकीची सात त्याची वाट बघत राहिली आणि पडद्यावर काहीच हलेना. साहेब बोलत राहिले, पाहुणे मोबाइल बघू लागले. अर्ध्या तासाने त्यांच्यातला मोठा माणूस उठला आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. पुढच्या महिन्यात काही बघितलं गेलं नाही हे वेगळं सांगायला नको. ते काम दुसरीकडे गेलं.

पाहुणे लिफ्टपर्यंत पोचायच्या आत सर पाच नंबरकडे वळले होते. तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते, त्यामुळे मी काय बघितलं ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांनी हात मांडीखाली घेतले नाहीत. लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला नाही, काहीच बघितलं नाही. थेट त्या थांबायच्या सेटिंगवर गेले, एक ओळ पुसली, आणि पाचवं मशीन उठलं. काय राहून गेलंय ते त्यांना शोधावं लागलंच नाही.

मग बैठक. खोलीत आम्ही अकराजण. साहेबांचा चेहरा उतरलेला.

"काल पाच नंबरवर कोण होतं?"

सगळ्यांनी काचेतून बाहेरच्या फळ्याकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं. मला अजिबात भीती वाटत नव्हती. मला वाटलं, आता ते बोलतील. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, आणि फळ्यावरचं नाव पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं वाचलं.

"फळ्यावर आहे तेच," ते म्हणाले.

आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "होतं गं असं. नवीन आहेस अजून."

दोन वर्षं झाली होती मला. नवीन कसली?

तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललीस? काय बोलायचं होतं मी? की नाव माझं आहे पण काम मी केलेलं नाही? मग नाव का लिहिलं? आदल्या संध्याकाळी साहेबांनी शाबासकी दिली तेव्हा गप्प का बसले? त्या फळ्यावर तोवर कोणी खोटं लिहिलं नव्हतं. पहिलं खोटं माझ्या अक्षरात होतं. माझं तोंड माझ्याच हाताने शिवलेलं होतं. शिवाय त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की ते आत्ता बोलतील, पुढच्या वाक्याला बोलतील. बैठक संपली, लोक खुर्च्या सरकवून उठले, तरी मी वाटच बघत बसले होते.

सोमवारी मी त्यांना खाली चहाच्या टपरीवर गाठलं. डिबगर कुठल्या मशीनवरून जोडला गेला त्याची नोंद लॉगमध्ये राहते. गुरुवारची ती ओळ मी शोधून तिचा फोटो मोबाइलमध्ये घेतला होता. तीत त्यांच्या टेबलाचा नंबर होता. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बघितला. बराच वेळ बघितला.

"हां," ते म्हणाले. "माझाच नंबर तो."

"सर, तुम्ही साहेबांना सांगा ना."

"काढायच्या माणसांची यादी निघतेय गो." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पन्नाशीच्या पुढचे आधी. मला वरून कळलंय. या वयात मला कोण उभं करणार? तुझ्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय. तुला महिन्याभरात दुसरीकडे मिळेल."

"पण चूक माझी नव्हती."

"नव्हतीच." त्यांनी कप खाली ठेवला. "तुका दाखवचा असात तर दाखव साहेबांना. मी नाही म्हणणार नाही."

हे वाक्य मी त्यानंतर शेकडो वेळा मनात उलटसुलट करून बघितलं आहे. ते मोठ्या मनाचं वाटतं. पण त्यात किती हिशेबीपणा आहे ते तुम्हीच बघा. जे त्यांनी करायचं ते त्यांनी माझ्यावर टाकलं. मी फोटो दाखवला असता तर मी सरांची नोकरी खाल्ली असती, आणि नाही दाखवला तर त्यांनी माझी. दोन्ही वेळा करणारी मीच. आणि मी दाखवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं हात मांडीखाली घेऊन त्यांनी मलाही बघितलंच असणार ना!

मी दाखवला नाही. महिनाअखेरीला माझा कागद नवा झाला नाही.

घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी टीव्ही बंद केला. "चूक तुझी होती का?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी ताटं मांडायला घेतली. पुढचे दोन-तीन रविवार पप्पा विहारात गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले.

महिन्याभरात वगैरे काही नाही, पाच महिने मी घरी बसले. मुलाखतीला गेलं की आधीची नोकरी का सोडली विचारायचे. मी 'कॉन्ट्रॅक्ट संपलं' म्हणायचे आणि समोरचा मान हलवायचा. अखेर मुलुंडला एका लहान कंपनीत लागले. तिथेही हेच काम. पहिल्या दिवशी एका मशीनला डिबगर जोडला आणि मनात म्हटलं, आधी बघ. इतका संताप आला मला स्वतःचा. पण काय करणार? माणसाने दगा दिला म्हणून त्याने शिकवलेलं परत करता येत नाही. मला दुसऱ्या कोणत्या पद्धतीने काम करताच येत नाही.

सात महिन्यांनी निघालेल्या दुसऱ्या यादीत सरांचं नाव होतं. हे मला जुन्या ऑफिसातल्या एकाने कळवलं. मला आनंद होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. माझी नोकरी घेऊन त्यांनी फक्त सात महिने मिळवले, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. मी त्यांना अजून महाग पडायला हवं होतं का? असले काहीबाही विचार येतात अशा वेळी. त्यांचा फोन येईल असंही वाटायचं. आला नाही. मीही केला नाही.

आणि मग या वर्षी ते गेल्याचं कळलं. हृदयविकार. घाटकोपरला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी शोकसभा होती. मी का गेले ते मला विचारू नका. गेले.

हार घातलेल्या फोटोत ते चष्म्यावरून बघत होते. शेजारी काकू बसल्या होत्या, त्यांना मी दोनदाच भेटले होते. जुनं ऑफिस जवळपास सगळं आलं होतं. साहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, आणि तो खरा होता, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"सरांचं मन बहोत मोठं होतं," ते म्हणाले. "हमारा एक डेमो होता. एका ज्युनिअरच्या चुकीमुळे पूर्ण काम गेलं. मी इतका चिडलो होतो! पण सर, त्यांनी त्या मुलीवर आवाजपण नाही चढवला. उलट तिला सांभाळून घेतलं. म्हणाले, होतं असं, नवीन आहे. असा माणूस होता यार."

लोकांनी माना डोलावल्या. ओळखीच्या पाच-सहाजणांनी वळून माझ्याकडे बघितलं, फार चांगल्या नजरेने. बघा, तरीही आली, अशा नजरेने. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये होता. पर्समध्ये हात घालून मी मोबाइल धरून बसले होते. एका बाईंनी मला विचारलं, तुला दोन शब्द बोलायचे आहेत का? मी मान हलवून नाही म्हटलं.

निघताना काकूंना भेटायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि मला हॉलच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशी घेऊन आल्या.

"तू प्रज्ञा ना?"

"हो काकू."

"मला सांगितलंय त्यांनी." त्या हळू बोलत होत्या. "ते मशीन तुझं नव्हतं. नोकरी सुटल्यावर रोज बोलायचे. तुला फोन करतो म्हणायचे आणि फोन हातात घेऊन बसायचे."

मी ढिगात माझ्या चपला शोधू लागले.

"आत्ता ते तुमचे साहेब बोलत होते तेव्हा मी उठणार होते. पण आज कशी उठू गो? आजच्या दिवशी?"

"नका उठू काकू."

"तू बोलली नाहीस, उपकार केलेस आमच्यावर."

मला सांगावंसं वाटलं की हे उपकार नाहीत. मला तेव्हाही बोलता आलं नाही, आजही आलं नाही, एवढंच आहे. पण त्यांनी माझा हात अजून सोडला नव्हता.

"माफ केलंस ना गो त्यांना?"

हॉलच्या आत फोटोसमोर कोणीतरी नवी उदबत्ती लावत होतं. मी हो म्हटलं. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या. मी चपला घालून जिना उतरले.

तुम्हाला म्हणून सांगते, मी माफ केलेलं नाही.